समर्सला गेलेल्या लेकीस

सांगली, रविवार

चि. ताई हिस,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी रात्री फोन मध्येच तुटला की तू ठेवलास, हे मी विचारणार नाही. तुझ्या समर्सच्या, म्हणजे उन्हाळी इंटर्नशिपच्या, मधल्या आढाव्यात (मिड-रिव्ह्यूत) तुझे मेंटर काय म्हणाले ते तू अर्धेच सांगितलेस, मी "आधी झोप" म्हटले आणि त्यावर तू म्हणालीस, "आई, तुमच्या काळची बँक वेगळी होती." बाबा म्हणाले, तिला दोन दिवस जाऊ देत. ते दोन दिवस सरले, म्हणून मी आज लिहायला बसले. फोनवर माझा आवाज चढतो आणि तुझा बारीक होत जातो. कागदावर तेवढे तरी टळते. झोपेचा विषय या पत्रात काढायचा नाही, असे मी ठरवले आहे.

तुझे म्हणणे खोटे नाही. 1991 साली मी बँकेत लागले तेव्हा आमच्या शाखेत संगणक नव्हता. परीक्षा दिली ती एकदाच, बीएसआरबीची, म्हणजे बँकभरती मंडळाची. प्रोबेशन सरले आणि नोकरी पक्की झाली. तुम्हाला मात्र आठ आठवड्यांत अनोळखी माणसांत राहून एक प्रोजेक्ट उभा करायचा, तो पॅनेलपुढे मांडायचा आणि त्यावरून पीपीओ, म्हणजे शिक्षण संपण्याआधीच नोकरीचा देकार, मिळणार की नाही हे ठरायचे. म्हणजे ही आठ आठवडे चाललेली मुलाखतच झाली. जेवणाच्या टेबलावरही कुणीतरी आपल्याला जोखत आहे असे वाटत असेल, तर त्याचा ताण किती असतो हे मला कळते. मुंबईत बीकेसीतल्या त्या काचेच्या इमारतीत तुझ्या गळ्यातल्या ओळखपत्राचा फोटो तू पाठवलास, तो आजीने शेजारच्या दोन घरांत दाखवून आणला. मी काही बोलले नाही, पण मीही तो पुन्हा पुन्हा पाहिला.

तुझा प्रोजेक्ट गोदामपावतीवरच्या कर्जांचा आहे, हे ऐकून मला किती आनंद झाला ते तुला नीट सांगायचे राहूनच गेले. शेतकऱ्याने किंवा व्यापाऱ्याने नोंदणी झालेल्या गोदामात माल ठेवायचा, त्याची पावती घ्यायची आणि भाव पडलेला असताना माल विकण्याऐवजी त्या पावतीवर बँकेकडून पैसे उचलायचे. त्यासाठीचा कायदा 2007 साली झाला आणि आता ती पावती शेअरसारखी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात इलेक्ट्रॉनिक पद्धतीने फिरते. आमच्याकडे तारण म्हणून असायची ती हळद, आणि ती इथल्या हरिपूरच्या पेवांत, जमिनीच्या पोटातल्या कोठारांत. तपासणीला म्हणून मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा मला वाटले होते की कुलूप उघडून पोती मोजायची आणि परत यायचे. प्रत्यक्षात पाहिले तर एक माणूस जेमतेम उतरेल एवढे तोंड, खाली दोन पुरुष खोल पोकळी, आणि वर मातीने लिंपून बंद केलेले झाकण. हमालांनी माती फोडली, झाकण सरकवले आणि ते बाजूला जाऊन बसले. मला घाई होती, दुपारचे क्लिअरिंग, म्हणजे चेक वटवण्याचे काम, डोक्यात होते. त्यातला म्हातारा म्हणाला, "बाईसाहेब, आत वारा खेळू द्या, मग माणूस उतरंल." काही वेळाने त्यांनी कंदील दोरीने खाली सोडला, तो विझत नाही हे पाहिले आणि मगच एक जण आत उतरला. पेवात हवा नसते म्हणूनच हळदीला कीड लागत नाही आणि त्याच कारणाने घाईने उतरलेला माणूस जिवाला मुकतो. वर आलेल्या पहिल्या ओंजळीचा वास आणि माझ्या साडीला लागलेला पिवळा रंग मला अजून आठवतो. पुढे 2005 च्या महापुरात कृष्णेचे पाणी त्या पेवांत शिरले आणि आमच्या तारणाची हळद कुजून गेली. त्या कर्जदारांच्या घरी जाताना पाय उचलत नसत. तुझ्या सादरीकरणात तारणाच्या जोखमीचे एक पान असेलच. एखादे गोदाम स्वतः जाऊन पाहा आणि मगच ते पान लिही.

शिवाय प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून घेतला आणि कोणत्या तारखेचा आहे हे लिहून ठेव. मेंटरनी काम वाढवले तर नकार देऊ नकोस, पण कोणते काम आधी हवे ते त्यांनाच विचार आणि झालेले बोलणे ईमेलवर नोंदव. दुसऱ्याने केलेली स्लाइड स्वतः पडताळल्याशिवाय आपल्या नावाखाली जाऊ देऊ नकोस. आणि रात्री एक वाजल्यानंतर एक्सेलमधल्या सूत्रांना हात लावू नकोस. पाहा, शाखेत नव्याने आलेल्या मुलांशी बोलावे तशी मी तुझ्याशी बोलू लागले. राग मानू नकोस. तुला यातले बरेच आधीच ठाऊक असणार.

पण ते एक वाजल्यानंतरचे मी उगीच लिहिलेले नाही. हाताने लिहायच्या लेजरच्या दिवसांत बचत खात्यांचे बॅलन्सिंग, म्हणजे बेरजांचा मेळ, करताना फरक यायचा. आमचे अकाउंटंट साहेब आधी त्या फरकाला नऊने भागून पाहात. भाग गेला तर बहुधा अंकांची अदलाबदल झालेली असे. 1,240 चे कुणीतरी 1,420 लिहिले की फरक येतो 180, म्हणजे नऊ विसे. अशी नोंद सापडली की ती जवळजवळ नेहमी संध्याकाळी उशिरा केलेली असायची, आणि करणारी व्यक्ती शाखेतली सर्वांत हुशार असली तरी त्यात फरक पडत नसे. डोळे उघडे असतात, हात चालू असतो आणि अंक उलटे पडतात. 31 मार्चची रात्र सोडली तर साहेब कुणाला उशिरापर्यंत बसू देत नसत. सकाळी येऊन पाहिले की तोच फरक दहा मिनिटांत सापडायचा.

एक गोष्ट फोनवर तोंडाशी आली होती आणि मी ती गिळली. 2013 च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये एका मोठ्या बँकेत तुझ्यासारखीच समर इंटर्नशिप करणारा एकवीस वर्षांचा जर्मन विद्यार्थी गेला. तू तेव्हा शाळेत होतीस. तो सलग रात्री जागून काम करत होता अशा बातम्या आल्या. चौकशीत मृत्यूचे कारण अपस्माराचा झटका असे ठरले. थकव्याने झटका आला असू शकेल, पण ते सिद्ध होत नाही, असे तिथल्या कॉरोनरचे मत पडले. त्याला मारले ते कामाने, असे मी म्हणणार नाही. पण दोन वर्षांनी गोल्डमन सॅक्स या दुसऱ्या मोठ्या बँकेने आपल्या समर इंटर्नना मध्यरात्र ते सकाळी सात या वेळात ऑफिसात थांबायला मनाई केली, ती काहीतरी उमगल्याशिवाय केली नसेल. तुला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. घाबरले आहे ती मी. रात्री दोन वाजता तुझ्या नावापुढे 'ऑनलाइन' दिसते, तेव्हा मी उठून बसते, बाबांना उठवत नाही आणि तुला मेसेजही करत नाही, कारण त्याने तुझा आणखी वेळ जाईल.

पीपीओ मिळाली तर आम्हाला आनंद होईल, हे लपवण्यात अर्थ नाही. पण शैक्षणिक कर्जाचा हिशेब डोक्यात घेऊन तू काम करत असशील तर तो आजच खाली ठेव. शिक्षण संपल्यावर एक वर्षाने त्याचे हप्ते सुरू होतात; कागद मी स्वतः वाचून सही केली आहे, आणि वेळ पडली तर माझ्या पेन्शनमधून ते भरता येतील. तू त्या पॅनेलपुढे उभी राहशील तेव्हा उत्तरे तुला येतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दहावीच्या वक्तृत्व स्पर्धेत आवाज बसलेला असतानाही तू भाषण पुरे केले होतेस, ते मी मागच्या रांगेतून ऐकले आहे. शंका आहे ती तू तिथे कोणत्या अवस्थेत पोहोचशील याचीच.

मामा बुधवारी मुंबईला येत आहे. त्याच्याबरोबर मेतकूट, भडंग आणि तुझा राहिलेला चष्मा पाठवते आहे. सगळे दादरला आत्याकडे ठेवायला सांगितले आहे, म्हणजे शनिवारी तुला तिकडे जावेच लागेल. आत्याला मी काही सांगितलेले नाही. ती तुला जेवायला घालील आणि मागच्या खोलीचे दार लावून घेईल.

या पत्राला उत्तर लिहायला जागत बसू नकोस. पुढच्या रविवारी फोन केलास तरी चालेल.

तुझी,
आई