काका, ती एक्सेल शीट अजून माझ्याकडे आहे

तीर्थस्वरूप काकांना सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर रविवारी घरी येऊन कान पिळाल. पण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाकू का?" म्हणून विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहावं लागतंय. शिवाय इथली कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट-सनीव्हेलकडची आपली दोन-तीन मुलं हल्ली मला तेच विचारतात, जे मी तुम्हाला विचारलं होतं. पहिली रायफल सुटे भाग आणून घरी जोडावी की तयार विकत घ्यावी?

खूळ डोक्यात शिरलं ते पॅरिसमुळे. ३१ जुलै २०२४ ची रात्र इथे उलटून गेली होती, घर झोपलेलं, आणि मी सोफ्यावर आवाज बंद करून ऑलिंपिकमधली रायफल नेमबाजीची फायनल बघत होतो. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला ४५१.४ गुणांवर कांस्य. खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक! आमचं ग्रीन कार्ड नुकतंच आलेलं. दोन आठवड्यांत मी लॅपटॉप घेऊन तुमच्या गॅरेजात हजर. शीटमध्ये लोअर (रायफलचा खालचा सांगाडा), अप्पर (वरचा, नळीकडचा भाग), ट्रिगर, दस्ता, प्रत्येकाचे तीन दुकानांतले भाव. खाली हिरव्या रंगात बेरीज: जोडली तर इतके डॉलर वाचतात.

तुम्ही स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. "सूनबाईला विचारलंस?"

विचारलं नव्हतं.

"मग आधी घरी जा." आणि खरंच घालवून दिलंत. रस्ताभर मी धुमसत होतो, हे आज कबूल करतो. पण घरी त्या रात्री जे बोलणं झालं ते नंतर झालं असतं तर भांडण झालं असतं. तिच्या अटी तीन: कपाट भिंतीला बोल्टने पक्कं, गोळ्या वेगळ्या कुलपात, आणि किल्ली कुठे असते हे सहा वर्षांच्या मुलीला कधीही कळायचं नाही. पुढच्या शनिवारी या अटी सांगितल्या तेव्हा तुम्ही पहिल्यांदा शीटची प्रिंट मागितलीत आणि खिशातून लाल पेन काढलंत.

"कुसाळे कशाने मारतो?"

"पॉइंट टू टू." म्हणजे छोट्या काडतुसाची, निशाणेबाजीची रायफल.

"आणि तू काय जोडायला निघालायस?"

एआर-१५, लष्करी रायफलीच्या धाटणीची अर्धस्वयंचलित रायफल. मी गप्प.

माझा समज असा होता की कायदा दुकानाला लागू, घरी बसून जोडली तर तो आपला खासगी मामला. तुम्ही तो समज उसवलात. केंद्राच्या कायद्यात बंदूक म्हणजे तो लोअर, ज्यावर नंबर कोरलेला असतो. नुसता तेवढा तुकडा घ्यायचा तरी परवानाधारक दुकान तेच, खरेदीचा ४४७३ नंबरचा सरकारी फॉर्म तोच, पार्श्वभूमीची तपासणी तीच आणि कॅलिफोर्नियाची दहा दिवसांची वाट बघणंही तेच. अर्धवट बनवलेला तुकडा आणून घरी भोकं पाडायची म्हटलं, तर १ जुलै २०१८ पासून आधी राज्याच्या न्याय खात्याकडून नंबर घ्यावा लागतो, आणि २०२२ च्या कायद्याने ती वाट आणखीच आवळली. "त्या गल्लीत शिरूच नकोस," एवढंच म्हणालात आणि पुढच्या ओळीवर गेलात.

खरी गोम पुढेच होती. सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोका बसून उडणारी), अर्धस्वयंचलित (दर चापाला एक गोळी, पुढची आपोआप भरणारी), मॅगझिन काढता येणारी रायफल असली की पिस्तुलासारखी मूठ, मागेपुढे सरकणारा दस्ता, फ्लॅश सप्रेसर (नळीच्या तोंडाची ज्वाळा झाकणारा तुकडा), यातलं कुठलंही एक लावलं तरी ती इथे 'असॉल्ट वेपन', म्हणजे बंदी असलेलं हत्यार ठरते. माझ्या यादीत पहिली दोन्ही होती. तुम्ही लाल गोल काढलेत. "दुकानदार चुकला तर त्याचा परवाना जातो, म्हणून तो चुकत नाही. तू किचन टेबलावर एका संध्याकाळपुरता चुकलास तरी ते 'बनवणं' धरतात, आणि तो गंभीर गुन्हा. तुझ्या हिरव्या बेरजेत हे कुठे आहे?"

मी म्हणालो, काय मूर्ख कायदा आहे! मुठीच्या आकारावरून?

तेव्हा तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि इथल्याच स्टॉकटन शहरातल्या गोळीबाराचं सांगितलंत. जानेवारी १९८९. प्राथमिक शाळेचं मैदान, मधली सुट्टी, पाच मुलं गेली. कंबोडिया आणि व्हिएतनाममधून जीव वाचवून आलेल्या कुटुंबांची. त्याच वर्षी असॉल्ट वेपनवर बंदी घालणारा राज्याचा रॉबर्टी-रूस कायदा झाला. पुढे २००० पासून ही वैशिष्ट्यांची यादी आली, २०१६ त आणखी फटी बुजवल्या. तुम्ही तेव्हा इथे नवे होतात, आणि त्या मुलांची आडनावं वाचून काकू दोन दिवस जेवल्या नाहीत, असं म्हणालात. कायदा शहाणा की मूर्ख यावर तुम्ही मत दिलं नाहीत. मीही पुन्हा विचारलं नाही.

शेवटी घेतली ती पॉइंट टू टू, बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने खटका ओढायचा. ती रिमफायर, काडतुसाच्या कडेवर ठोका बसणारी; रिमफायरला ती यादी लागूच होत नाही. बंदूक घेण्याआधीच्या सुरक्षा प्रमाणपत्राच्या परीक्षेत ३० पैकी २३ लागतात, मला २८ मिळाले. तुम्ही अभिनंदन न करता "ते दोन कुठले?" विचारलंत. लायसन्सवर जुना पत्ता होता म्हणून काउंटरवरून एकदा परत यावं लागलं. तेही तुम्ही आधी बजावलं होतं. बिलात नुकताच लागू झालेला राज्याचा ११ टक्के कर पाहून माझी हिरवी बेरीज आठवली.

आणि माझ्या त्या मित्राला वाचवलंत, त्याचे वेगळे आभार. तो एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे. रेंजवर भाड्याची रायफल तर चालेल ना, असं त्याने हसत विचारलं होतं. शिकारीचा वैध परवाना किंवा तसला एखादा अपवाद नसेल तर तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक नुसती हातात घेणं हाही ताबाच, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. वेगासला जाऊन गोळ्या झाडून फोटो टाकणारे किती आठवले तेव्हा! तो आता आमच्याबरोबर येतो ते फक्त डबा घेऊन, आणि गाडीतच बसतो.

सॅन होजेच्या दक्षिणेला काउंटीच्या रेंजवर पहिल्या दिवशी तुम्ही सत्तरी ओलांडलेले, चटईवर पालथे पडलात आणि एनसीसीतल्या उस्तादाच्या आवाजात मला श्वास धरायला लावलंत. लहानपण वरणगावच्या फॅक्टरी कॉलनीत गेलं तुमचं. काडतुसं बनवणाऱ्या गावात वाढूनही बंदुकीचं कौतुक म्हणून नाही तुम्हाला. माझ्या पहिल्या दहांतल्या चार कागदाबाहेर गेल्या. तुम्ही दुर्बीण खाली ठेवून म्हणालात, "कुसाळेला निरोप पाठवू, घाबरू नकोस म्हणून."

जोडायची खाज मात्र तुम्ही मारली नाहीत. "हातच शिवशिवतायत ना? मग हे जोड," म्हणून पाइनच्या फळ्या पुढे टाकल्यात. रायफल टेकवायचं लाकडी स्टँड तीन शनिवार खाऊन झालं. जरासं डावीकडे कलतं. त्याखाली मी ती शीटच घडी घालून सरकवली आहे, लाल गोलांसकट.

दुसरं करायला घेतोय. रंधा लागेल. शनिवारी दहाला येतो, चहा मी टाकीन.

तुमचा,
लोअर-अप्परवाला