रविवारी ‘थंडरबर्ड्स’: टीव्ही आधी नीट लावा

सदस्यहो, येत्या रविवारी संध्याकाळी 5 वाजता आपल्या हॉलमध्ये 1965 च्या ‘थंडरबर्ड्स’ या बाहुल्यांच्या ब्रिटिश बालमालिकेचा पहिला भाग (सुमारे 50 मिनिटं) बघायचा आहे. टीव्ही लावणाऱ्यांनी साडेचारलाच यावं.

- चित्र 4:3 (रुंदी-उंचीचं जुन्या टीव्हीचं प्रमाण) मध्येच ठेवा. पडदाभर ताणलं की बाहुल्यांचे चेहरे पसरट होतात.
- ‘मोशन स्मूदिंग’ (टीव्हीने मधल्या फ्रेम्स, म्हणजे चित्रं, स्वतः घालून हालचाल गुळगुळीत करणं) बंद. स्फोट जास्त फ्रेम-वेगाने (सेकंदाला जास्त चित्रं) टिपून संथ दाखवलेत, म्हणूनच छोटी मॉडेल्स अवजड वाटतात. तो भारदस्तपणा घालवू नका.

लहानपणी निसटलेलं आता बघा. बाहुल्यांची डोकी मोठी, कारण संवादाबरहुकूम ओठ हलवणारं सोलेनॉइड (विजेवर चालणारं चुंबकी यंत्र) आत बसवलंय. जवळून दिसणारे हात मात्र खऱ्या माणसांचे!

मुलांना जरूर आणा. गप्पा भाग संपल्यावर.