माथेरानचा घोडा आणि सैल तंग

मा. संपादक,

मोटारींना बंदी असलेल्या माथेरानमध्ये दस्तुरी नाक्यापासून घोडा हे पर्यटकांचे नेहमीचे वाहन असले, तरी स्वार होण्यापूर्वीची तपासणी मात्र क्वचितच होताना दिसते. गेल्या महिन्यात तांबड्या मातीच्या उतारावर माझ्या पुतणीचे खोगीर एका बाजूला कलले. घोडेवाल्याने वेळीच धरले म्हणून ती बचावली. तंग, म्हणजे खोगीर बांधण्याचा पोटाखालचा पट्टा, आवळताना अनेक घोडे पोट फुगवून धरतात, त्यामुळे घोडा चार पावले चालवून तंग पुन्हा आवळावा लागतो, आणि नेमके तेच राहून गेले होते. रिकिबीत (पाय ठेवायच्या कडीत) पायाचा फक्त चवडा ठेवावा, म्हणजे पडताना पाय अडकून फरफट होत नाही; हेही तिला कोणी सांगितले नाही. (शिरस्त्राण होते, पण पट्टा लोंबत होता!)

चाबकाने दबलेला घोडा शांत भासतो, पण भेदरताच उधळतो. उलट, शिंगराला आधी नुसता खरारा करून (ब्रशने अंग घासून) हाताची सवय लावली, लांब दोरीवर गोल फिरवले, मग रिकामे खोगीर चढवले आणि त्याने आज्ञा मानताच लगाम लगेच सैल सोडला, तर ते विश्वासाने शिकते. घोडेवाल्यांना असे प्रशिक्षण पालिकेने परवान्याबरोबरच द्यावे.

— एक वाचक, नेरळ