फ्रेंड्सच्या आधीची मैत्री

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला मैत्रीवरच्या मालिकांचा लेख वाचला, छान होता, पण सगळं फ्रेंड्स या अमेरिकन मालिकेपासूनच सुरू झालं असं वाटायला लागतं बघा. फ्रेंड्स आली १९९४ ला. त्याच्या वर्षभर आधी, ऑगस्ट १९९३ मध्ये, फॉक्स चॅनलवर 'लिव्हिंग सिंगल' सुरू झाली होती आणि तीही वॉर्नर ब्रदर्सचीच! ब्रुकलिनमधलं घर, त्यात तीन कृष्णवर्णीय मैत्रिणी, चौथी राहते दुसरीकडे पण पडीक इथेच, आणि वरच्या मजल्यावर दोन मित्र. आता बोला.

क्वीन लतीफा, म्हणजे खरी रॅपर, ती यात खदीजा, स्वतःचं मासिक चालवणारी, सदा डेडलाइनच्या मागे. पण मला आवडते ती मॅक्सीन, एरिका अलेक्झांडरने केलेली. वकील आहे, चांगली कमावते, तरी दारातून आली की आधी मैत्रिणींचा फ्रिज उघडणार, जे असेल ते खाणार आणि खाता खाता वरच्या काइलचा असा काही पाणउतारा करणार की हसून पोट दुखतं (तोही काही कमी नाही, ते वेगळं). अशी एक मैत्रीण आपल्या प्रत्येकीकडे असतेच की.

मालिका घडवली ती यवेट ली बाउझर या कृष्णवर्णीय बाईनेच, पाच सीझन चालली, ११८ भाग झाले, तरी आपल्याकडे कुणाला नाव विचारा, कोरे चेहरे. पुढच्या लेखात दोन ओळी तरी द्या हिला.

— एक वाचक, डोंबिवली