बाटली हलवून घेणे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अगाथा ख्रिस्तीबाईंना जाऊन यंदा १२ जानेवारीला पन्नास वर्षं झाली, त्यानिमित्त आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. निम्मी जागा १९२६ सालच्या त्या अकरा दिवसांनी खाल्ली आहे. नवऱ्याशी बिनसलं, बाई मोटार टाकून गेल्या, हॅरोगेटच्या हॉटेलात सापडल्या. बरं, मग? आणि ज्या कामातून ही लेखिका घडली, त्याला दीड ओळ! मी अमळनेरात तीस वर्षं कंपाउंडरकी केली, म्हणून जास्तच टोचलं.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या टॉर्की गावच्या रुग्णालयात त्या औषधं बनवत. रहस्यकथा लिहायचं तिथंच मनावर घेतलं. विषं तर हाताशीच होती. परीक्षेसाठी गावातल्या एका औषधविक्याकडे त्या शिकायला जात. एकदा त्याचा दशांश चिन्हाचा घोळ झाला आणि सपोझिटरीत, म्हणजे गुदद्वारातून द्यायच्या औषधी कांड्यांत, औषध दसपट पडलं. मोठ्या माणसाची चूक काढायची कशी? बाईंनी ठेच लागल्याचं सोंग केलं, कांड्या ठेवलेली फळी पाडली आणि खाली पडलेल्यांवर पाय देऊन त्या चिरडल्या. आत्मचरित्रात त्यांनीच हे सांगितलंय. हाताखाली काम केलेल्या कुणालाही ही युक्ती पटेल.

१९२० साली आलेल्या त्यांच्या पहिल्या कादंबरीत सगळी मेख एका टॉनिकच्या बाटलीत आहे. (खुनी कोण ते सांगत नाही, वाचायचंय त्यांनी मात्र हा परिच्छेद सोडावा.) त्यात थोडं स्ट्रिक्निन, म्हणजे विषच. ब्रोमाइडची, म्हणजे झोपेच्या औषधाची, पूड पडली की त्या विषाचा साका तळाशी बसतो आणि शेवटचा डोस जीव घेतो. वाचताना मी पुस्तक मिटून बसलो होतो. बाटलीवर डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवून झाली की प्रत्येक मिक्श्चरवर ‘हलवून घेणे’ मी उगाच का लिहीत होतो? तरी आमच्या आजीबाई वरचं नितळ तेवढं प्यायच्या आणि रिकामी बाटली घेऊन हजर: “भाऊ, खालनं आख्खं फेकी दिनं.”

बाई दुसऱ्या महायुद्धातही लंडनच्या रुग्णालयात पुन्हा औषधं द्यायला उभ्या राहिल्या, तेव्हा तर नावाजलेल्या होत्या. पुरवणीत पुढं कधी त्यांच्यावर लिहाल, तर हॉटेल राहू द्या, त्या औषधांच्या खोलीवर लिहा.

आपला,
एक निवृत्त कंपाउंडर, अमळनेर