नमुना वाकला, पण…

प्रिय मित्रा,

इतक्या दिवसांनी पत्र, म्हणून आधी शिव्या घालून घे, मग पुढे वाच. तब्येत ठीक. पाठीचं रडगाणं चालूच.

नमुना वाकला, तुटला नाही! शुद्ध सिलिकाचा एरोजेल, म्हणजे हवेने भरलेल्या सूक्ष्म छिद्रांचा तो हलका उष्णतारोधक, चिमटीत धरला की कसा चुरा व्हायचा, ते तुझ्याशिवाय कोणाला कळणार? या वेळी आधी सेल्युलोजच्या नॅनोतंतूंची जाळी केली, तिच्यात सिलिकाचं सोल (सूक्ष्म कणांचं द्रव मिश्रण) मुरवून जेल केलं, पाण्याजागी इथेनॉल घातलं आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये सुकवलं. त्याच्या ३१ अंश आणि ७४ बार दाबाच्या वर गेलं की द्रव-वायूची सीमाच उरत नाही, मग छिद्रं कोसळणार कशी? तू मात्र ‘गोठवून सुकव’ म्हणून हटून बसायचास. प्रयोगशाळेतल्या आपल्या लंबूने तेही केलं. बर्फाच्या स्फटिकांनी अशी भगदाडं पाडली की हवा आत मोकळी फिरत होती. झालं समाधान?

आता खरी पीडा. कोरड्या नमुन्याची उष्णतावहनता ०.०१८ वॅट प्रति मीटर केल्विन. स्थिर हवेची ०.०२६, म्हणजे उष्णता अडवण्यात हवेलाही मागे टाकलं. सगळे खूश. मग मी तो दमट पेटीत ठेवला. कडा वाळल्या पानासारख्या वळल्या आणि आकडा चढला. तंतूंचे हायड्रॉक्सिल गट पाणी ओढणारच. पाणी झटकणाऱ्या मिथिल गटांचा लेप दिला, पण तो सिलिकावर छान बसतो नि तंतूंवर कुठे बसतो, कुठे नाही. तंतू कमी करावेत तर पुन्हा चुरा.

सर म्हणतात, कोरडा आकडा छापू, ओलाव्याचं पुढच्या निबंधात बघू. अरे, पण हे भिंतीत बसणार, डेसिकेटरच्या कोरड्या भांड्यात नाही! वाद घालायला तू नव्हतास, म्हणून मीच तुझ्यासारखा तावातावाने बोललो. लंबू हसत होता. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात टाकलेत. सरांनी अजून पाहिलेले नाहीत.

नवी नोकरी कशी आहे? काकूंचा गुडघा? लेक बोलायला लागली असेल.

आणि हो, त्या मिथिल लेपासाठी तू मिथाइलट्रायमेथॉक्सिसिलेन वापरलं होतंस ना? ते तंतूंना जेलच्या आधी लावलंस की नंतर? जुनी वही काढ आणि लगेच कळव. सरांशी बैठक तोंडावर आहे.

तुझाच,
चुरावाला