पाकिटाच्या मागे तीन नावं लिहून देणाऱ्या ताईंना

ताई, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कानाच्या डॉक्टरांकडे वेटिंगमध्ये आपण शेजारी बसलो होतो, मी आईच्या ऑडिओग्रामचं, म्हणजे ऐकू येण्याच्या तपासणीच्या रिपोर्टचं, पाकीट हातात धरून बसले होते आणि तुम्ही विचारलंत, "आई दिवसभर काय करतात?" मी म्हटलं, काही नाही हो, टीव्ही पण सोडलाय. मशीन लावूनही शब्द कळत नाहीत आणि खालची अक्षरं वाचेपर्यंत सीन पुढे जातो. तुम्ही माझ्याकडून पेन घेतलंत आणि पाकिटाच्या मागे तीन मूकपटांची नावं लिहून दिलीत. म्हणालात, आमच्या बाबांना हेच चाललं.

खरं सांगू, मला पटलं नव्हतं. मूकपट म्हणजे काळेपांढरे लोक तुरुतुरु पळतायत एवढंच माझ्या डोक्यात होतं, आणि पहिल्या दिवशी झालंही तेच, आई म्हणाली "हे सगळे एवढे घाईत का आहेत गं?" मग तुम्ही जाता जाता सांगितलेलं आठवलं, स्पीड बघून घ्या. कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला १६-१८ फ्रेम पण असायच्या, तीच फिल्म २४ ने चालवली की माणसं पळणारच. मी स्पीड ०.७५ केला आणि माणसं माणसांसारखी चालायला लागली! म्युझिक मात्र त्याने बेसूर झालं म्हणून म्यूट केलं, आणि तेव्हा लक्षात आलं की आता आईला जेवढं ऐकू येतंय तेवढंच मला.

पहिला बघितला 'द लास्ट लाफ', १९२४ चा. हॉटेलच्या दारावरचा म्हातारा दरवान, जड ट्रंक उचलून दमतो, जरा टेकतो, नेमकं तेच मॅनेजर बघतो आणि त्याचा रुबाबदार युनिफॉर्म काढून घेऊन त्याला खाली वॉशरूममध्ये टॉवेल द्यायला बसवतात. मूकपटात मध्ये मध्ये पडद्यावर संवाद लिहिलेल्या पाट्या येतात ना, त्या पूर्ण सिनेमात जवळपास नाहीतच. कोट उतरवून घेतात तेव्हा त्याची पाठ वाकते, बस्स, तेवढंच. मी आईला समजवायला कागदावर लिहायला लागले तर तिने माझा हात धरून खाली ठेवला आणि म्हणाली, "राहू दे, कळलं मला." दोन वर्षांनी तिच्या तोंडून हे वाक्य ऐकलं ताई.

दुसरा 'स्टीमबोट बिल ज्युनियर'. घराची अख्खी भिंत हिरो बस्टर कीटनवर कोसळते आणि तो बरोबर खिडकीच्या जागी उभा असल्यामुळे वाचतो, भिंत खरीखुरी होती, ट्रिक नाही. आईने तोंडावर हात घेतला आणि मग इतकी हसली की मला तीनदा मागे न्यावं लागलं.

नंतर मी वाचत बसले. टॉमी अल्बर्ट नावाने मूकपटांत काम करणारे एमर्सन रोमेरो स्वतः कर्णबधिर होते. बोलपट आले, पाट्या गेल्या आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या हातून सिनेमाच गेला. शेवटी १९४७ मध्ये त्यांनीच फिल्म कापून मध्ये मध्ये संवादाच्या पाट्या जोडल्या, आपल्या लोकांसाठी. हे वाचून वाटलं, मूकपटात काहीतरी कमी आहे असं आपण ऐकू येणारेच म्हणतो. आईला तो पुरेपूर वाटतो, आणि आता मलाही. एरवी माझं अर्धं लक्ष फोनमध्ये असतं, संवाद कानावर पडत राहतात म्हणून चालून जातं, इथे नजर हटली की गोष्ट सुटते, म्हणून दीड तास फोन दुसऱ्या खोलीत असतो आणि मी चेहरे बघते. आईचाही.

पाकिटावरचं तिसरं नाव 'सिटी लाइट्स' अजून बाकी आहे. बोलपट येऊन चार वर्षं झाली होती तरी चॅप्लिनने १९३१ मध्ये तो संवादाशिवाय केला, एवढंच वाचलंय, शेवट मुद्दाम वाचला नाही. रविवारी लावणार आहोत. आईने मला दोनदा विचारलंय, ती पाकिटावर लिहून देणारी बाई कोण होती. ताई, हे वाचलंत तर नाव नक्की कळवा, आणि पुढची नावं पण. खूप खूप आभार, माझे आणि आईचे.